उतारावरची टकटक

आमच्या गाड्यांना किल्ली नव्हती. लष्करातली गाडी चोरायला कोण येणार, म्हणून डॅशबोर्डवर नुसता एक लोखंडी खटका असायचा. उजवीकडे वळवला की चालू, डावीकडे वळवला की बंद. लोकांना हे ऐकून गंमत वाटते. मला लहानपणी त्याची धास्ती होती. कुणीही येईल, गल्लीतलं मांजरसुद्धा खटक्यावर पाय देईल आणि गाडी आपली आपण उतारावरून निघून जाईल, असं मला अंथरुणात पडल्या पडल्या वाटायचं. मी मुळातच भित्रा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी दोन होते, दोन्ही आतून हिरवे आणि दोन्ही आमच्या दारात उभे.

वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक म्हातारी पिकअप उचलली. तीन-चार वर्षांनी दुसरी. पहिलीला आम्ही मोठी म्हणायचो, दुसरीला धाकटी. बाबांनी दोघींना निळा रंग दिला होता, पण कुठे ओरखडा गेला की आतून हिरवा डोकावायचाच. धंदा बर्फाचा. कारखान्यातून बर्फाच्या लाद्या उचलायच्या, भुसा आणि गोणपाट टाकून झाकायच्या आणि मुलुंड, नाहूर, भांडुपच्या मासळीबाजारात नेऊन टाकायच्या. मासेवाल्या बायका टोपल्या उतरवून बर्फाची वाट बघत बसलेल्या असायच्या. उशीर झाला की आमच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

घर भांडुपला, टेकडीवर. बॅटरीचा भरवसा नसल्यामुळे गाड्या नेहमी तोंड खाली करून, चाकाखाली दगड घालून उभ्या असायच्या. पहाटे बाबा आत बसायचे आणि मी दगड काढायचो. हे काम मी दहाव्या वर्षापासून केलं. दगड हलवायचा, चाक इंचभर सरकायचं, मग दगड ओढून मागे उडी मारायची. त्या इंचभराची भीती मी आजही पोटात घेऊन फिरतो. दगड काढताना हात चाकाखाली राहिला आहे, असं स्वप्न मला अजून पडतं. बाबांना हे कधी सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? ते हसले असते आणि दगड मलाच काढायला लावला असता.

गाडी घरंगळली की ते गिअर टाकायचे, इंजिन खोकत खोकत जागं व्हायचं. मग थोडा सपाट रस्ता, पाण्याची टाकी, आणि टाकीपासून खाली मोठ्या रस्त्यापर्यंत लांबलचक उतार. तिथे बाबा खटका डावीकडे वळवायचे. इंजिन बंद, गिअर काढलेला, आणि भरल्या वयाची ती गाडी गुपचूप खाली निघायची. नुसता टायरचा आवाज आणि मागच्या साखळीचा खुळखुळाट. बाबांचं तत्त्व साधं होतं: उतार देवाने फुकट दिलेला आहे, त्याच्यावर डिझेल कशाला जाळायचं. ब्रेक एका दमात लागत नसे. तीनदा पाय मारायचा, पहिला वाया, दुसरा अर्धा, तिसऱ्याला गाडी ऐकायची. तळाशी पोचता पोचता खटका पुन्हा उजवीकडे, गिअर, एक झटका, आणि इंजिन चालू. मी शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसायचो. बाबांकडे बघायचो तर ते समोर बघत ओठ हलवत असायचे. मला वाटायचं शिव्या घालताहेत.

अठराव्या वर्षी मी चालवायला शिकलो ते धाकटीवर. बाबा बाजूला. इंजिनाचा आवाज इतका की शेजारी बसून ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून ते बोटाच्या पेरांनी डॅशबोर्डवर ठोकायचे. एकदा ठोकलं की थांब. दोनदा ठोकलं की खटका बंद. टाकी आली की टकटक, माझा हात खटक्यावर, आणि आम्ही खाली. एवढ्या वर्षांत हे इतकं अंगात मुरलं की पुढे मी एकटा असतानाही टाकीपाशी ती टकटक ऐकू आल्यासारखा माझा हात आपोआप जायचा.

मग धाकटीचे अवयव एकेक करून मोठीला लागले. गिअरबॉक्स, रेडिएटर, दारं. शेवटी धाकटी नुसती सांगाडा होऊन गल्लीच्या कोपऱ्यात उभी राहिली आणि तिच्यावर शेजाऱ्यांच्या गोधड्या वाळत पडू लागल्या. मोठी चालत होती, पण आरटीओत तिला पासिंग मिळेना. दोन-तीनदा खेटे घातले. तिथला माणूस भला होता, तो म्हणाला की ही गाडी माझ्यापेक्षा मोठी आहे, हिला आता सोडा. गोवंडीचा भंगारवाला आला, त्याने गॅसकटर लावला आणि दोन दिवसांत दोघींचे तुकडे करून नेले. बाबा त्या दोन्ही दिवशी घरात रेडिओ ऐकत बसले. मला आनंद झाला, हे आता कबूल करतो. ब्रह्मराक्षस गेले, असं वाटलं.

नवीन पिकअप पांढरी. शोरूमच्या दारात नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, बायकोने हळदकुंकू लावलं. आत एसी, छोटा स्क्रीन, मागचं दाखवणारा कॅमेरा. पट्टा लावला नाही की ती कुरकुर करायची. आणि किल्ली होती. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गाडीला किल्ली होती, आणि ती माझ्या खिशात होती.

इथे माझी दुसरी भीती सुरू झाली. बाबा तेव्हा शहात्तर वर्षांचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मोठीच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी नाहूरला एका हातगाडीला घासलं होतं, आणि एकदा सिग्नल हिरवा झाल्यावरही ते शांत बसून राहिले होते, मागच्या सगळ्या गाड्या बोंबलत होत्या. ही नवीन गाडी पाय लावला की उसळते. बाबा ती घेऊन उतारावरून निघालेत आणि खाली कुणीतरी चाकाखाली आलंय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दिवसा, जेवताना, बाजारात बर्फ मोजताना. पण त्यांना सांगायचं कसं? ज्या माणसाने गिरणी गेल्यावर ह्या उतारावर घर चालवलं, त्याला तुमच्या हातात गाडी देववत नाही, असं सांगायला छाती लागते. ती माझ्याकडे नव्हती. मी खोटं बोललो. पंचाहत्तरी ओलांडलेल्याने चालवली तर विम्याचे पैसे मिळत नाहीत, कंपनीचा नियमच आहे, असं सांगितलं.

ते "बरा" म्हणाले आणि फडकं घेऊन गाडी पुसायला गेले. त्यानंतर रोज सकाळी ते गाडी पुसायचे, आरसे नीट करायचे, टायरवर पाय मारून हवा बघायचे. किल्ली एकदाही मागितली नाही. त्यांनी मागितली असती, भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

पहिले काही आठवडे मी नवीन गाडी अक्षरशः कापत चालवली. टाकीपाशी आलो की दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, इंजिन चालू, दुसरा गिअर, बैलगाडीच्या वेगाने खाली. मागून रिक्षावाले शिव्या घालत. पण भीतीलाही सवयीची दृष्ट लागते. गाडी एकदाही अडली नाही. ब्रेक पायाच्या अंगठ्याने लागायचा. दगड नाही, धक्का नाही, खोकला नाही. पूर्वी गाडी सुरू होईल की नाही ह्या काळजीने आम्ही पहाटे पाचला निघायचो, ते मी पावणेसातला निघायला लागलो. बाजारातल्या बायकांना बर्फ वेळेवर मिळायचा, मला तासभर जास्त झोप. हळूहळू मी एका हाताने चालवायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या उतारावर मला भीती वाटेनाशी झाली.

एका शनिवारी बाबा म्हणाले की आज मीही बाजूला बसून येतो, कारखान्यातल्या जुन्या लोकांना भेटून किती दिवस झाले. मला बरंच वाटलं. ते स्वच्छ पांढरा शर्ट घालून बाजूला बसले, पट्टा लावला. दार बंद केल्यावर आत शांतता पसरली, ती त्यांना नवीन होती. काहीच आवाज येत नाही, गाडी चालू तरी आहे का, असं त्यांनी विचारलं. आम्ही दोघं हसलो. मी त्यांना एसी दाखवला, कॅमेरा दाखवला. बोलत बोलत टाकीपाशी आलो.

आणि बाबांनी डॅशबोर्डवर टकटक केली.

ते त्यांनी मुद्दाम केलं नाही, ह्याची मला खात्री आहे. टाकी दिसली आणि बोटं गेली, तीस वर्षं जात होती तशी. त्या शांत गाडीत तो आवाज दार ठोठावल्यासारखा मोठा आला. आणि माझा हात पुढे झाला, किल्ली फिरली, इंजिन बंद, गिअर बाहेर. जित्याची खोड म्हणतात ती हीच. डोक्याला कळायच्या आत हातांनी काम उरकलं होतं.

पहिले काही क्षण छान गेले, हे सांगताना मला आजही लाज वाटते. गाडी गुपचूप खाली निघाली, बाबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. वेग वाढला तसा मी सवयीने ब्रेकवर पाय मारला. लागला. दुसऱ्यांदा मारला, अर्धा लागला. तिसऱ्यांदा मारला तेव्हा पायाखाली ब्रेक नव्हता, भिंत होती. पुन्हा मारला. भिंतच. सीटवरून उठून दोन्ही पायांनी रेटला तरी तो तसूभर खाली जाईना. स्टिअरिंग वळवायला गेलो तर तेही कुणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखं जड. आणि समोर, उताराच्या तळाशी, वळणावर, शाळेच्या रिक्षाची वाट बघत उभी असलेली मुलं. पाच-सहा होती. निळे गणवेश. पूर्वी आम्ही पाचला निघायचो तेव्हा तिथे कुत्रंही नसायचं.

हॉर्न वाजवायचं सुचलं नाही. किल्ली पुन्हा फिरवायचं सुचलं नाही. मी नुसता ब्रेकवर पाय आपटत होतो आणि तोंडातून आवाज येत नव्हता. मला एवढंच आठवतं की त्यातल्या एका मुलीच्या हातून पाण्याची बाटली पडली, आणि ती आमच्याकडे न बघता घरंगळणाऱ्या बाटलीकडे बघत उभी राहिली.

"पाय काढ," बाबा म्हणाले. ओरडले नाहीत. "क्लच दाब. तिसऱ्यात घाल. आता सोड."

मी सोडला. गाडीने आतून आचका दिला, आम्ही दोघं पट्ट्यात पुढे फेकलो गेलो.

"दुसऱ्यात. सोड." पुन्हा आचका. त्यांनी माझ्या हातांवर हात टाकून स्टिअरिंग धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून ते उजवीकडे, डोंगराच्या भिंतीकडे ओढलं. समोरून कुणी येत नव्हतं, हे नशीब. पत्रा भिंतीला घासत गेला, तो आवाज दातांत गेला. हँडब्रेक त्यांनीच ओढला, एकदम नाही, दाता-दाताने. गाडी थांबली तेव्हा त्या मुलीची बाटली आमच्या पुढच्या चाकाला टेकलेली होती. मुलगी चार-पाच हातांवर.

बाबांचा एक हात अजून माझ्या हातावर होता. तेव्हा मला दिसलं की त्यांचे ओठ हलताहेत, पूर्वी उतारावर हलायचे तसेच. आता गाडीत आवाज नव्हता म्हणून ऐकू आलं. शिव्या नव्हत्या. "सांभाळ रे महाराजा, सांभाळ." एवढंच, पुन्हा पुन्हा. म्हणजे इतकी वर्षं रोज त्या उतारावर शेजारी बसलेला माणूसही घाबरलेलाच होता. मला वाटत होतं भित्रा मी एकटाच.

माझ्या बाजूचं दार भिंतीला चिकटलं होतं, उघडणं शक्य नव्हतं. बाहेर माणसं धावत येत होती. बाबांनी माझा पट्टा सोडला, स्वतःचा सोडला, आणि माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "तुका अजून धंदो करूचो हा. तू गप रव."

मला काही कळायच्या आत ते त्यांच्या बाजूने खाली उतरले. मी त्यांच्या मागून सीटवरून सरकत सरकत बाहेर आलो. दोघंही एकाच दारातून उतरलो, त्यामुळे कोण कुठे बसलं होतं हे कुणालाच दिसलं नाही. गर्दीतल्या कुणीतरी विचारलं की चालवत कोण होतं.

"मी," बाबा म्हणाले. "गाडी मी चलयत होतंय."

एका मुलाची आई रडत होती. तिने बाबांना विचारलं, "आजोबा, ह्या वयात कशाला? पोरं उभी होती ना इथे." बाबांनी तिला हात जोडले. पांढरा शर्ट, घामाने चिकटलेला, आणि जोडलेले हात. सगळे त्यांच्याकडे बघत होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. त्या क्षणी तीन शब्द बोलायचे होते, फक्त तीन. चालवत मी होतो. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मी गप्प राहिलो, आणि घाबरलेलो होतो म्हणून गप्प राहिलो. मार पडेल म्हणून, पोलीस येतील म्हणून, परवाना जाईल म्हणून, उद्या बाजारात बायका तोंडावर बोलतील म्हणून.

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बायकोने बाबांना पाणी दिलं आणि अगदी मायेने म्हणाली, "बाबा, आता पुरे हां." बाबांनी मान हलवली. मी मोरीत जाऊन तोंड धूत राहिलो.

गाडी दुरुस्तीला नेली तिथल्या तरुणाने मला समजावून सांगितलं की ह्या गाड्यांचा ब्रेक इंजिनाच्या जोरावर चालतो. इंजिन बंद केलं की दोन-तीन वेळा पाय मारण्यापुरता जोर शिल्लक राहतो, मग संपतो, आणि स्टिअरिंगचंही तेच. चालू गाडी उतारावर बंद कुणी केली, असं त्याने विचारलं. इथे ना गर्दी होती, ना रडणारी आई, ना पोलीस. मला घाबरायचं काही कारण नव्हतं.

"वडील," मी म्हणालो. "जुन्या सवयी असतात ना."

त्या संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. कितीतरी वेळ बोलायला सुरुवात करत होतो आणि थांबत होतो. शेवटी त्यांनीच माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "बरा झाला," ते म्हणाले. "आता तुका इन्शुरन्साचा खोटा सांगाची गरज नाय."

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ह्याला आता दोन वर्षं होतील. गल्लीतली माणसं मला भेटली की म्हणतात, बरं केलंस, आजोबांकडून किल्ली काढून घेतलीस. सुंठेवाचून खोकला गेला, असं कुणालाही वाटेल. मी हो म्हणतो. ज्या मुलीची बाटली पडली होती तिची आई बाबांना बघितलं की मुलीला जवळ ओढते. बाबा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालायला लागलेत. मी आता पुन्हा पहाटे पाचला निघतो. भीती परत आली आहे, आणि तिला मी जाऊ देत नाही.

शनिवारी बाबा माझ्यासोबत कारखान्यात येतात. बाजूला बसतात, पट्टा लावतात, जुन्या गोष्टी काढतात. पाण्याची टाकी दिसायला लागली की त्यांचं बोलणं थांबतं. मग ते दोन्ही हात मांड्यांखाली घालतात आणि उतार संपेपर्यंत त्यांच्यावर दाबून बसतात.